दोघींत एकच बॅग

"पाणी भरा ह्यात," आत्या म्हणाल्या.

दुकानदार शिराळकर हसले. "मावशी, ही रिकामीच घालून बघायची असते. भरायची ती घरी नेऊन."

"रिकामी घागर डोक्यावर घेऊन कुणीबी नाचतंय. तुम्ही भरा."

माझ्या सासूबाईंपुढं कोल्हापुरात फारसं कुणाचं चालत नाही. शिराळकरांनी मुकाट्यानं बॅगेतली रबरी पिशवी बाहेर काढली, मागच्या मोरीत जाऊन भरून आणली आणि परत आत सरकवली. तिची नळी खांद्यावरून पुढं काढली. पळता पळता किंवा सायकलवर बसल्या बसल्या ती तोंडात धरायची आणि ओढायचं, थांबायचं कामच नाही. असल्या पाच-सहा बॅगा त्यांनी काउंटरवर मांडल्या होत्या. काही जाडजूड, कप्प्याकप्प्यांच्या, सायकलवाल्यांच्या. काही अगदी बिनबाह्यांच्या जाकिटासारख्या, पळणाऱ्यांच्या.

"हां. आता घाल, उजे. आणि उड्या मार."

"दुकानात?"

"मग काय रंकाळ्यात? मार उड्या."

मी उड्या मारल्या. पाठीवर पाणी डुचमळत होतं आणि माझी धाकटी जाऊ पूर्वा आरशाशेजारी उभी राहून हाताची घडी घालून बघत होती. हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर उघड चिडता आलं असतं.

खरं सांगते, मला बॅग नको होती असं नाही. मला पूर्वा नको होती.

आज ह्या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि पळायची. सूनबाई पळते म्हणून गल्लीत लोक हसायचे, त्या काळातली मी. आणि मला पळायला लावलं कुणी? आत्यांनी. मी चौथीत असताना माझी आई गेली. पुढं काकूनं सांभाळलं. जेवायला घातलं, शिकवलं, पण केसांतून हात फिरवला नाही कधी. लग्न होऊन पोवारांच्या घरात आले आणि एक दिवस सुटलेली एसटी धावत जाऊन पकडली. आत्या मागं उभ्या होत्या. त्या शाळेत असताना खो-खो खेळलेल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, "पाय हाईत की गं तुझ्यात. उद्या पहाटे चल माझ्याबरोबर."

तेव्हापासून रोज पहाटे रंकाळा. मी फेऱ्या मारायची आणि त्या कठड्यावर कानाला मफलर गुंडाळून बसायच्या. मी समोरून गेले की ओरडायच्या, "कोपरं आत घे! खांदं खाली!" परत येताना एका कपातला अर्धा अर्धा चहा. घरात सासू म्हणून त्या कडकच होत्या, भाकरी जाड झाली तर बोलायच्या. पण पहाटेचा तो तास माझा होता. त्या तासात मला आई होती. ह्यात दुसऱ्या कुणाचा वाटा असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि नाशिकहून पूर्वा आली. बरोबर फ्रिज नाही, कपाट नाही, डोंगरात चालवायची सायकल घेऊन आली. जाड टायरांची. आत्यांनी सायकलला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "हिच्यावरनं जोतिबा चढशील व्हय?" पूर्वा दुसऱ्याच दिवशी चढून आली.

झालं. तिथनं माझे दिवस फिरले. आत्या माझ्याबरोबर रंकाळ्याला यायच्या, पण सात वाजले की चुळबुळ करायच्या. "पोरगी आली असंल गं डोंगरावरनं. चल." चहा घटाघटा प्यायच्या. घरी गेलं की पूर्वाला पाटावर बसवून तिच्या पोटऱ्यांना तेल चोळायच्या. दुधावरची साय तिच्या वाटीत. तिची स्वतःची आई नाशिकला धडधाकट, रोज फोन करते, तरी हिला इथं आणखी एक लागते! माझ्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन जाणारं दुखणं नव्हे ते.

त्यातच मसाई पठारावरच्या जोडी-शर्यतीची जाहिरात आली. जोडीतल्या एकीनं सायकलवरून पठार चढून देवळापर्यंत यायचं, तिथून दुसरीनं पळत खालच्या गावातल्या शाळेच्या पटांगणात पोचायचं. नियम एकच, पण चमत्कारिक. दोघींत एकच पाण्याची बॅग. सुरुवातीला एकदा भरायची, वाटेत थेंब मिळणार नाही, आणि देवळापाशी एकीच्या पाठीवरून दुसरीच्या पाठीवर गेली पाहिजे. आदल्या वर्षी प्लॅस्टिकचे पेले पठारभर उडाले होते म्हणून ही शक्कल.

आत्यांनी आम्हाला न विचारताच नावं दिली. "घरात दोन घोड्या असताना भाड्यानं कशाला आणायची?"

मी नाही म्हणू शकले असते. पण माझ्या मनात एकच होतं: ही शर्यत मी अशी पळेन की चार लोकांत आत्या म्हणतील, ही बघा, ही माझी उजी. एवढंच हवं होतं मला. बक्षीस गेलं खड्ड्यात.

तर आम्ही शिराळकरांच्या दुकानात होतो.

आमच्या घरात जावांना वस्तू येते ती एकसारखी. साडी तर साडी, तवा तर तवा, रंगसुद्धा तोच. आणि ती निवडायची रीत आत्यांनी घालून दिलेली: जावेची जावेनं निवडायची. मी पूर्वाची साडी निवडायची, पूर्वानं माझी. म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायचं नाही. पण एकाच बॅगेचं काय करायचं? शिराळकर म्हणाले, "पळणाऱ्याला हलकी, अंगाला चिकटलेली लागते. सायकलवाल्याला पाणी जास्त लागतं. दोन्ही एकात जमवायचं म्हणजे जरा..."

"थांबा," आत्या म्हणाल्या. "रीत ती रीत. उजे, तू पूर्वीसाठी निवड. पूर्वे, तू उजीसाठी. जिची निवड मला पटंल ती घ्यायची."

मी एक निळी, मोठी, भरपूर कप्प्यांची उचलली. सायकलवाल्यांना कप्पे लागतात असं कुठंतरी ऐकलं होतं. पूर्वानं ती घातली, हेल्मेट चढवलं आणि दुकानातल्या सायकलवर बसून पुढं वाकली. बॅग सरकत वर आली आणि टक्कन हेल्मेटवर आपटली. मान वर करायची सोय राहिली नाही.

"उजे," आत्या म्हणाल्या, "ही पोरगी सायकलवर कशी बसती, कधी बघितलंस का गं तू?"

"बघितलंय की."

कशाला बघते? ती सायकल बाहेर काढायला लागली की मी स्वयंपाकघरात जायची.

मग पूर्वाची पाळी. तोवर शिराळकरांनी सगळ्याच बॅगा भरून ठेवल्या होत्या. तिनं घाई केली नाही. पहिली बॅग उलटीपालटी करून बाजूला ठेवली. "ह्याचा पट्टा वहिनींच्या उजव्या खांद्याच्या हाडावर येईल. ते मोडलेलं आहे." दुसरी हलवून बघितली. "ह्यात पाणी डचमळतंय. वहिनी उताराला खांदे उचलून पळतात, त्यांना हिसके बसतील." तिसरीची नळी उजवीकडं होती. "चालणार नाही. त्या उजव्या हातानं घाम पुसतात, हात अडकेल." शेवटी एक अरुंद, करड्या रंगाची काढली. बॅगेचं स्वतःचं वजन जवळपास नाहीच. छातीवर दोन बारीक पट्टे, वरखाली सरकवता येणारे. पाणी दोन खांद्यांच्या मध्ये सपाट पसरलेलं.

"ही घाला, वहिनी."

घातली. उड्या मारल्या. काही हललं नाही. मापाची चोळी बसावी तशी बसली.

शिराळकर पूर्वाला म्हणाले, "ताई, ह्यात दीडच लिटर मावतं. तुम्हाला चढ आहे. पुरणार नाही दोघींना."

"मला चालेल," पूर्वा म्हणाली.

"हीच द्या," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी पूर्वाच्या पाठीवर हात फिरवला. माझ्या पाठीवर बॅग होती, हात फिरवायला जागा नव्हती, हे मला कळत का नव्हतं? कळत होतं. पण जळफळाटाला अक्कल नसते.

आणि माझं हाड! हे हिला सांगितलं कुणी? पूर्वा ह्या घरात यायच्या आधी मी गगनबावड्याच्या घाटात पडले होते. हाताला झोळी बांधून पडून होते तेव्हा आत्या मला घास भरवायच्या. लहानपणानंतर मला कुणी भरवलं नव्हतं. ती माझी आणि आत्यांची गोष्ट होती. ती ह्यांनी हिला सांगितली? तेल चोळता चोळता?

रस्त्यात मी आत्यांना म्हटलं, "माझ्या हाडाचं पुराण घरभर सांगितलंत वाटतं."

"मग? काय चोरी केली हुतीस का, लपवायला?"

पूर्वा पुढं चालत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

मग आमचा सराव सुरू झाला. रंकाळ्याच्या काठावर पूर्वा सायकल सोडून उतरायची, पट्टे सोडायची, मी हात मागं करून बॅग चढवायची. सोपं वाटतं, पण पहिले काही दिवस नुसता घोळ. पट्टा पिरगळायचा, नळी माझ्या कानात जायची. तिच्या घामानं ओली झालेली बॅग पाठीला लागली की माझ्या अंगावर शहारा यायचा.

"वहिनी, जरा जवळ या ना."

"आहे की जवळ."

"तुम्ही माझ्याकडं बघतच नाही. बघितल्याशिवाय पट्टा कसा सापडणार?"

"हातानं सापडतोय मला."

"नाही सापडत," ती म्हणाली आणि बॅग काढून परत पहिल्यापासून सुरू केलं. कठड्यावरून आत्या ओरडल्या, "काय झालं गं? भांडालाय व्हय?" आम्ही दोघींनी एकदमच ओरडून सांगितलं, "नाही!"

एकदा जेवताना आत्या दिरांना सांगत होत्या, उजी पहिल्या शर्यतीत बूट फाटला तरी कशी तशीच पळाली. माझं जरा कुठं बरं चाललं होतं, तर पूर्वा अर्ध्या ताटावरून उठली. "पोट भरलं," म्हणाली. मी मनात म्हटलं, बघा माज! दुसऱ्याचं कौतुक दोन घास ऐकवत नाही हिला. कौतुकाची तीट आपल्याला लागली नाही की झालं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी थंडी होती, पण आभाळ असं लख्ख की ऊन कडक पडणार हे दिसतच होतं. पठारावर झाड म्हणून नाही. पायथ्याशी आत्यांनी स्वतः बॅग भरली. गाळून आणलेलं पाणी, वर चिमूटभर मीठ नि साखर. झाकण लावून बॅग पदरानं पुसली आणि पूर्वाच्या पाठीवर चढवली. पट्टे लावले. आणि मग तिला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी सांगू लागल्या. एक वाक्य नाही, चांगला बराच वेळ. पूर्वाचा चेहरा पडला. तिनं मान हलवली, ओठ दाबले आणि सायकलवर बसली.

कानात! मला त्यांनी इतक्या वर्षांत कधी कानात काही सांगितलं नव्हतं. मला सगळं कठड्यावरून ओरडून.

पूर्वा गेली. आयोजकांची जीप आम्हाला घेऊन देवळाकडं निघाली. आता तरी आत्या आणि मी शेजारी शेजारी, मधे कुणी नाही. पण आत्यांची मान खिडकीबाहेर.

"उजे, ती पिवळी टोपी पूर्वीची का गं?"

"नाही. तिची लाल आहे." आत्या हेल्मेटला टोपीच म्हणायच्या.

"मागं पडली का काय पोरगी?"

"पडेल कशाला? साय खाऊन आलीय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

"आत्या, काय सांगितलंत तिला कानात?"

"काय न्हाई. असंच."

"असंच म्हणजे?"

"तुझं काय मध्येच? तू गुडघ्याला पट्टी बांध."

म्हणजे मला सांगण्यासारखं नव्हतं. ठीक आहे, म्हटलं. मी पट्टी इतकी आवळून बांधली की पाय ठणकायला लागला.

देवळापाशी दोरी लावून जागा केली होती. एकेक सायकल येऊ लागली. पहिली जोडी बदलली, दुसरी बदलली. ऊन डोक्यावर आलं. मला वाटलं, आता ही सगळं पाणी पिऊन येणार आणि मला चोखायला रिकामी नळी देणार. येऊ दे. मी तहानलेली पळेन, आणि आत्यांना दिसेल कोण कसं आहे ते.

लाल टोपी दिसली. पूर्वा चौथी होती. शेवटचा चढ तिनं उभं राहून मारला, दोरीच्या आत आली, उतरली आणि तिचे गुडघे मुडपले. सायकल एकीकडं, ती दुसरीकडं. मी धावले. तिचे ओठ पांढरे पडले होते, गालांवर मिठाचे डाग. बोटं पट्ट्याशी झटत होती, पण सुटत नव्हतं. मी सोडला. बॅग उचलली आणि माझा हात खाली गेला.

जड. सकाळी होती तेवढीच जड.

"पूर्वा, तू प्यालीच नाहीस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

ऐका, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. माझ्या मनात आलं, झालं! आता ही इथं मरेल आणि देवी होईल, आणि आत्या जन्मभर हिचंच नाव घेतील. जाऊसाठी तहानलेली मेली म्हणून! चांगुलपणातसुद्धा हिनं मला मागं टाकलं. असा संताप आला की नळी धरून मी तिच्या तोंडात खुपसली.

"पी."

"तुमचं आहे ते."

"पी म्हणते ना मुकाट्यानं! नाहीतर नाक दाबून पाजीन."

तिनं तोंड फिरवलं. "आत्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"राखायला सांगितलंय!" ती एकदम ओरडली. घसा कोरडा, आवाज फाटलेला. "उजीला उन्हाचा त्रास होतो. उजी तोंडानं मागायची नाही. उजीला पुरेल एवढं ठेव, तू तरणी हाईस. अजून काय काय! मी म्हटलं, राखते. थोडं कशाला, सगळंच राखते. घ्या तुमचं पाणी! घरात आल्यापासून हेच ऐकतेय मी. तेल लावताना उजी, जेवताना उजी. उजीचं हाड मोडलं तरी ती हूं की चूं बोलली नाही. उजीच्या हातची भाकरी कशी टम्म फुगते. मी जोतिबा चढून आले तर काय म्हणाल्या माहितीय? आमची उजी अनवाणी चढती! मी काय करू? सायकल डोक्यावर घेऊन चढू?"

ती रडत होती, पण डोळ्यांतून काही येत नव्हतं. रडायलाही पाणी नव्हतं पोरीच्या अंगात.

शेजारून पाचवी जोडी बदलून गेली. कुणीतरी ओरडलं, "ओ पोवार वहिनी, पळा की!" मी तिथंच गुडघे टेकून बसलेली.

"आत्या असं म्हणतात?" मी विचारलं. "माझ्याबद्दल?"

"रोज!"

"अजून काय म्हणतात?"

पूर्वानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वेडी झालेय. झालेच होते. शर्यत चाललीय, जाऊ पालथी पडलीय, आणि मी विचारतेय अजून काय म्हणतात. पण मला ऐकायचंच होतं.

"म्हणतात, मला मुलगी नाही झाली त्याचं वाईट नाही वाटत आता."

मी नळी परत तिच्या तोंडाशी धरली, पण ह्या वेळी हळू. तिनं घेतली. मी तिचं डोकं मांडीवर धरलं आणि ती ओढत राहिली. मला बॅगेतलं पाणी कमी होताना हाताला कळत होतं आणि ते बरं वाटत होतं. तिच्याकडं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. हनुवटीखाली भाजल्याचा जुना डाग होता. दोन वर्षं एका घरात राहून मला तो माहीत नव्हता. तिला माझं हाड माहीत होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "मला तुमचा इतका राग यायचा."

"मला नव्हता येत?"

"माझा? कशाला?"

"साय," मी म्हटलं.

तेवढ्यात आत्या धापा टाकत आल्या. त्या पलीकडं लिंबू-मीठ आणायला गेल्या होत्या. त्यांनी काय ऐकलं, काय नाही, देव जाणे. खाली बसल्या, पूर्वाचं डोकं माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि माझ्यावर खेकसल्या, "तू काय बसून राहिलीस? पळ! मी हाय हिच्याजवळ."

मी बॅग चढवली. पट्टे एका झटक्यात लागले. वळणावर जाऊन मागं बघितलं. आत्या पूर्वाच्या तोंडात लिंबू पिळत होत्या, माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. पोटात दुखलं का? दुखलं. खोटं कशाला बोलू? पण मी तशीच पळत सुटले.

कशी पळाले ते मला धड आठवत नाही. पाठीवर घोट दोन घोट उरले होते, ते कधी संपले कळलंही नाही. दगडांवरून उड्या मारत उतरले. एक जोडी मागं टाकली, मग आणखी एक. बाकीच्या पुढंच राहिल्या. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची तेव्हा मी मनात म्हणायची, उजी तोंडानं मागायची नाही. आणि हसायची. वाटेतल्या एका म्हशीवाल्यानं नक्की मला बाधा झालीय असं समजून बाजू दिली असणार.

शाळेचं पटांगण आलं. दोरी ओलांडली. कितवी आले ते विचारायच्या आधी मी माणसांत आत्यांना शोधत होते. आत्या नव्हत्या. दोरीला टेकून, लाल टोपी हातात घेऊन, पूर्वा उभी होती. सायकल शेजारी.

"तू? तू इथं कशी?"

"सडकेनं उताराला सोडली सायकल. पायडल मारायलाच लागलं नाही."

"अगं बये, मघाशी मरायला टेकली होतीस! आत्यांनी सोडलं?"

"सांगितलंच नाही त्यांना. त्या जीपपाशी होत्या. जीप आणखी एका पोरीसाठी थांबली होती. येतील मागून." ती माझ्या पाठीवरची बॅग सोडवत होती. "मी मुद्दाम पुढं आले."

"मुद्दाम कशाला?"

"त्या असल्या की तुम्ही त्यांच्याकडंच बघता," ती म्हणाली.

मी तिला घामासकट कवळा घातला. तिनंही घातला, गच्च. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडले आणि ती, आता अंगात पाणी आलेलं, तीही रडली. कुणीतरी पदकं घ्यायला बोलवत होतं. आम्ही गेलोच नाही. "डाग कसला हा हनुवटीला?" मी विचारलं, आणि ती तिथल्या तिथं सांगायला लागली. लहानपणी फटाका कसा उडाला, आई कशी धावली, सगळं. मी ऐकत होते. जीप कधी आली ते आम्हाला कळलंही नाही.

कुणीतरी खाकरलं म्हणून वर बघितलं. दहा पावलांवर आत्या उभ्या होत्या. मफलर सुटलेला, हातात लिंबाचा अर्धा तुकडा. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात आणि त्या तिकडं एकट्या. तोंड असं झालेलं की दूध नासावं.

तो चेहरा मी लगेच ओळखला. न ओळखून सांगते कुणाला? दोन वर्षं रोज वेणी घालताना मी तोच आरशात बघत होते.

"व्हय गं," आत्या म्हणाल्या, "चाललंय की तुमचं झ्याक. मला काय नुसतं जीपमधनं हिंडवायला आणलं हुतं?"

पूर्वानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि आम्हाला हसू आवरेना. त्या आणखीनच फुगल्या. लिंबू फेकून दिलं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, आमच्याकडं पाठ करून जाऊन बसल्या.

कोल्हापूर येईपर्यंत आत्या आम्हा दोघींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.